मदत हवी आहे: सिमेटिडीनचा कोणता आकडा धरायचा?

मंडळी, परळच्या लॅबमध्ये एमफार्मचं काम चालू आहे. मूत्रपिंडाच्या नलिकेतल्या पेशीत मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन रक्ताच्या बाजूने ओसीटी२ या वाहक प्रथिनातून शिरतं, मग मेट१ आणि मेट२-के ही दुसरी वाहक प्रथिनं प्रोटॉनच्या बदल्यात ते लघवीकडे सोडतात. सिमेटिडीन हे आम्लपित्ताचं औषध त्याला दोन्हीकडे अडवतं, पण मेटवर त्याचा जोर कितीतरी जास्त. (क्रिएटिनिनही याच वाटेने जातं, म्हणून ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक सुरू केलं की मूत्रपिंडाची गाळण न बिघडताही रिपोर्टमध्ये ते वाढलेलं दिसतं.)

माझ्याकडे फक्त ओसीटी२ असलेल्या एचईके२९३ (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी) पेशी आहेत. मेटफॉर्मिनऐवजी चमकणारं एएसपी हे रंगद्रव्य घेतलं की सिमेटिडीनचा आयसी५० (वाहतूक निम्मी करणारं त्याचं प्रमाण) वेगळाच येतो. सर म्हणतात, सबस्ट्रेट (वाहून नेला जाणारा पदार्थ) बदलला की तो बदलतोच. मान्य, पण थिसिसमध्ये लिहू काय? मला मेटफॉर्मिनचाच आकडा बरोबर वाटतो, कारण पेशंट एएसपी खात नाही!

दुसरं, थंड बफरने धुताना पेशींचा थर कडेने सुटतो आणि पेशी पिपेटमध्ये येतात. पेशी चिकटून राहाव्यात म्हणून पॉलीलायसिन लावूनही तेच. काय करता तुम्ही?

आणि मुंबईत कोणाकडे ओसीटी२ व मेट१ दोन्ही असलेल्या एमडीसीके (कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या) पेशी आहेत का? ठाणे-पनवेलपर्यंत यायची तयारी आहे, बर्फाचा डबा माझा.