न्यूझीलंडला मोटरहोम : डिसेंबर सोडा, एप्रिल-मे बघा

चौघांसाठी डिसेंबरात सहा आठवडे न्यूझीलंडला मोटरहोम (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घ्यायची, पण बजेटात बसत नाही, असं एकाने विचारलंय. तर डिसेंबर सोडाच. तो तिथला ऐन उन्हाळा, भाडं तेव्हाच सर्वात चढं. आम्ही नागपूरहून मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर एप्रिलअखेर निघालो. इकडे ४३ अंश, तिकडे टेकापो तळ्याकाठी पहाटे गाडीच्या काचेवर दहिवर गोठलेलं!

नुसतं दिवसाचं भाडं बघू नका. डिझेल गाडीला तिथे किलोमीटरमागे रस्ताकर लागतो, त्याचं बिल आमच्या हाती पडलं गाडी परत करताना. हिशेब तिथेच कोलमडला. बुकिंगआधीच विचारून घ्या. उत्तर आणि दक्षिण बेटांमधल्या कुक सामुद्रधुनीच्या फेरीबोटीचं तिकीटही गाडीच्या लांबीवर असतं.

मुक्काम संवर्धन खात्याच्या साध्या कॅम्पसाइटवर करा, चार दिवसांनी एकदा हॉलिडे पार्क (जास्त सोयींचा, खासगी कॅम्प), म्हणजे कपडे धुऊन होतात. फुकट जागांसाठी गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' (स्वतःचं शौचालय, पाणी आणि सांडपाण्याची टाकी असलेली) प्रमाणपत्राची लागते.

खाण्यात खरी बचत. बेसन, सावजी मसाला सगळं विमानतळावरच्या फॉर्मवर लिहिलं; अधिकाऱ्याने डबा उघडून पाहिला, परत दिला. मध नेऊ नका. न लिहिलेलं सापडलं तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. रात्री हीटर लावून गरम झुणका-भात, मुलं अजून तेच आठवतात.