सारख्या उच्चारांचे इंग्रजी शब्द आणि त्यांचे चेक प्रतिशब्द: वही कशी लावावी?

प्रश्न: शब्दवही

नमस्कार. गेले वर्षभर मी चेक भाषेचा अभ्यास करीत आहे. माझे पाठ्यपुस्तक आणि शब्दकोश दोन्ही इंग्रजी-चेक असल्यामुळे प्रत्येक चेक शब्दापर्यंत मला इंग्रजीच्या वाटेनेच जावे लागते, आणि इंग्रजी शब्द ओळखण्यात चूक झाली की पुढचा चेक शब्दही चुकतो. गेल्या आठवड्यात एका उताऱ्याचे भाषांतर करताना सैल या अर्थाचा 'लूस' आणि गमावणे या अर्थाचा 'लूझ' यांत माझी गल्लत झाली. सैल पेच म्हणजे 'उवोल्न्येनी श्रोउप' लिहायला हवे होते, तेथे मी 'स्त्रात्सेनी', म्हणजे हरवलेला, असे लिहिले. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर असल्यामुळे ती चूक माझ्या स्वतःच्या लक्षातही आली नाही.

त्यानंतर मी तीन रकान्यांची वही सुरू केली: पहिल्या रकान्यात सारख्या उच्चारांची इंग्रजी जोडी, दुसऱ्यात चेक प्रतिशब्द आणि तिसऱ्यात मराठी अर्थ. सुमारे साठ जोड्या जमल्यावर असे दिसू लागले की त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत. 'शिप' आणि 'शीप' यांच्यापुढे 'लोद्य' म्हणजे जहाज आणि 'ओव्त्से' म्हणजे मेंढी असे लिहिले की विषय संपतो, कारण त्या दोन चेक शब्दांत काहीच साम्य नाही. 'राइझ' म्हणजे वाढणे, वर येणे आणि 'रेझ' म्हणजे वाढवणे, वर करणे; यांच्यापुढे मात्र शब्दकोश पुष्कळदा एकच क्रियापद देतो आणि एकीकडे फक्त 'से' हा छोटा शब्द जोडतो. 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' यांना तर सरळ एकच शब्द, 'हिस्तोरित्स्की'. अशा वेळी ही वही जशी आहे तशीच वाढवत न्यावी, की जोड्यांची वेगळी विभागणी करावी? ज्यांनी या तिन्ही भाषांत काम केले आहे त्यांचे मत मला हवे आहे.

प्रतिसाद: अनुवादिका

आपले निरीक्षण योग्य आहे, आणि विभागणी करावी असेच मी सुचवीन. 'शिप' आणि 'शीप' यांचे साम्य हा निव्वळ योगायोग आहे, पण 'राइझ' आणि 'रेझ' हे एकाच मुळातून निघालेले सख्खे शब्द आहेत. जुन्या जर्मानिक भाषांत मूळ क्रियापदातील स्वर बदलून प्रयोजक क्रियापद, म्हणजे ती क्रिया दुसऱ्याकडून घडवून आणणारे क्रियापद, तयार करण्याची पद्धत होती, आणि तिचे अवशेष म्हणून इंग्रजीत 'सिट' व 'सेट', 'लाय' व 'ले', 'फॉल' व 'फेल' अशा जोड्या शिल्लक राहिल्या आहेत. मराठी माणसाला ही गोष्ट खरे तर परकी वाटण्याचे कारण नाही, कारण आपणही पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे असेच करतो. झाड पडते तो 'फॉल' आणि कोणी झाड पाडतो तो 'फेल', इतका हा मेळ जवळचा आहे.

चेक भाषेने ही कामगिरी प्रामुख्याने दुसऱ्या मार्गाने केली आहे. तेथे पुष्कळदा सकर्मक क्रियापद हेच मूळ रूप असते आणि 'से' जोडून ते अकर्मक होते. किमती वाढवल्या म्हणजे 'झ्वीशिल त्सेनि', किमती वाढल्या म्हणजे 'त्सेनि से झ्वीशिलि'. मराठीत अकर्मक 'वाढणे' मूळ आहे आणि 'वाढवणे' साधित आहे; चेकमध्ये बरोबर उलट. म्हणून या जोडीपुढे नुसते दोन शब्द लिहून भागणार नाही, तर कर्त्यासह आणि कर्मासह पूर्ण वाक्य लिहावे. शिवाय 'राइझ'चे चेक रूप कर्त्यावरही ठरते: तापमानासाठी 'स्तोउपात', सूर्यासाठी 'विखाझेत', माणूस अंथरुणातून उठतो तेव्हा 'व्स्तात'. 'रेझ'चेही तसेच आहे. हात वर करणे 'झ्वेद्नोउत', किंमत वाढवणे 'झ्वीशित', आणि मुले वाढवणे 'विखोवात'. आपण मराठीत मूल आणि किंमत दोन्ही 'वाढवतो', त्यामुळे येथे आपल्याला अधिक सावध राहावे लागते.

सर्वांत जास्त काळजी 'लाय' आणि 'ले' यांच्याबाबत घ्यावी. पडून असणे म्हणजे 'लेझेत', आडवे होणे म्हणजे 'लेह्नोउत सि' आणि ठेवणे म्हणजे 'पोलोझित'. स्थिती आणि क्रिया यांना चेकने वेगवेगळी क्रियापदे दिली आहेत, ही त्या भाषेची मोठी सोय आहे. अडचण इंग्रजीत आहे, कारण 'लाय'चा भूतकाळ 'ले' असा होतो. पुस्तक टेबलावर पडले होते या अर्थाचे इंग्रजी वाक्य वाचताना 'ले' दिसले म्हणून 'पोलोझित' वापरले, तर पुस्तकालाच कर्ता करून टाकल्यासारखे होते. तेथे 'क्निहा लेझेला ना स्तोले' असेच हवे. 'फेल' हा 'फॉल'चा भूतकाळही आहे, म्हणजे तेथेही हाच सापळा आहे. आणि खोटे बोलणे या अर्थाचा 'लाय' तर मुळातच वेगळा. त्याला 'ल्हात' म्हणतात. 'कोल्हा' म्हणताना आपण जो 'ल्ह' उच्चारतो, त्यामुळे या शब्दाची सुरुवात मराठी जिभेला सोपी जाते.

प्रतिसाद: स्वरव्यंजन

अनुवादिका यांनी अर्थाची बाजू मांडली आहे, मी उच्चाराची मांडतो. 'सारख्या उच्चारांचे शब्द' असे आपण म्हणतो तेव्हा ते कोणाच्या कानाला सारखे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आपल्या पाठ्यपुस्तकातील गोंधळाच्या जोड्या बहुधा चेक विद्यार्थ्यांसाठी निवडलेल्या असणार, आणि चेक कानाला जे शब्द एकसारखे वाटतात ते मराठी कानाला स्पष्ट वेगळे ऐकू येऊ शकतात.

बेड, बॅड, बेट, बॅट हे चार इंग्रजी शब्द घ्या. मी ते देवनागरीत चार वेगळ्या प्रकारांनी लिहिले आणि आपल्याला ते वेगळेच वाचता आले. चेक भाषेत मात्र 'ॅ' हा स्वर नाही आणि इंग्रजीतून आलेल्या शब्दांत त्याच्या जागी पुष्कळदा 'ए' येतो. सँडविचचे तेथे 'सेन्द्विच' झाले, जॅमचे 'जेम' झाले, हॅंडिकॅपचे 'हेन्दिकेप' झाले, आणि ती रूपे लेखनातही रूढ आहेत. दुसरी गोष्ट अशी की चेक शब्दाच्या शेवटी द, ग यांसारखे घोष व्यंजन आले तर ते त, क यांसारखे अघोष होते. 'लेद' म्हणजे बर्फ आणि 'लेत' म्हणजे उड्डाण, पण उच्चार दोन्हींचा 'लेत'. 'प्लोद' म्हणजे फळ आणि 'प्लोत' म्हणजे कुंपण, तेही उच्चारात एकच. आता या दोन सवयी एकत्र आल्या की ते चारही इंग्रजी शब्द चेक तोंडातून जवळजवळ एकाच रूपात बाहेर पडतात, आणि त्यांचे अर्थ मात्र 'पोस्तेल' म्हणजे पलंग, 'श्पात्नी' म्हणजे वाईट, 'साझ्का' म्हणजे पैज आणि 'नेतोपीर' म्हणजे वटवाघूळ, असे चार दिशांना असतात. मराठीत वाद आणि वात, बाग आणि बाक हे शेवटच्या व्यंजनावरूनच ओळखले जातात, म्हणून ही अडचण आपली नाही. अशा जोड्यांवर आपण वहीची पाने खर्च करू नयेत.

उलट दिशेने पाहिले तर आपल्या अडचणी वेगळ्या आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपण लेखनात काटेकोरपणे पाळतो, पण बोलताना इ-ई आणि उ-ऊ यांचे उच्चार शब्दातील जागेप्रमाणे सैल होतात. चेकमध्ये तसे चालत नाही, कारण स्वराच्या लांबीवर शब्दाचा अर्थच ठरतो: ऱ्हस्व उच्चाराचा 'पास' म्हणजे पारपत्र आणि दीर्घ उच्चाराचा 'पास' म्हणजे पट्टा. देवनागरीत हे दोन्ही एकसारखेच लिहावे लागतात. त्यामुळे माझी कळकळीची विनंती आहे की चेक रकान्यात देवनागरी वापरू नये. मूळ चेक अक्षरे त्यांच्या चिन्हांसह लिहावीत. स्वराची लांबी दाखवणारी 'चार्का' ही छोटी रेघ आणि व्यंजनावरील 'हाचेक' हा छोटा आकडा शोभेसाठी नसतात. 'त्स' आणि 'च' यांतील फरक त्या आकड्यानेच कळतो, आणि तो फरक आपल्या ओळखीचा आहे. 'चोर' आणि 'चूल' यांतील च म्हणजे आकडा नसलेले अक्षर, 'चार' आणि 'चिमणी' यांतील च म्हणजे आकडा असलेले. आपण हे दोन्ही ध्वनी एकाच अक्षराने लिहितो, चेक लोकांनी त्यांना दोन वेगळी अक्षरे दिली आहेत.

आघाताबद्दलही एक गोष्ट सांगतो. वाळवंट या अर्थाचा 'डेझर्ट' पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या पहिल्या उच्चारखंडावर, जोर देऊन उच्चारतात आणि जेवणानंतरच्या गोड पदार्थाचा 'डिझर्ट' दुसऱ्या अवयवावर. चेकमध्ये जोर नेहमी पहिल्या अवयवावर असल्यामुळे चेक विद्यार्थ्याला हा फरक मुद्दाम शिकावा लागतो. प्रतिशब्दांत मात्र घोटाळा नाही: 'पोउश्त्य' म्हणजे वाळवंट, आणि गोड पदार्थासाठी 'देझेर्त' किंवा 'झाकुसेक'.

प्रतिसाद: शब्दवही

दोघांचेही मनापासून आभार. चेक अक्षरांबद्दलची सूचना मी आजच अमलात आणली. आता एक पुढची शंका. 'सेन्सिबल' म्हणजे समंजस आणि 'सेन्सिटिव्ह' म्हणजे संवेदनशील, हे मला पाठ आहे. परंतु चेकमध्ये 'सेन्झिबिल्नी' असा शब्द दिसल्यावर मी तो समंजस या अर्थाने वाचला आणि वाक्याचा अर्थ लागेना. हा शब्द कोणत्या रकान्यात बसवावा?

प्रतिसाद: मूळशोध

तो तिन्ही रकान्यांच्या बाहेरचा आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. 'सेन्झिबिल्नी' दिसतो 'सेन्सिबल'सारखा, पण त्याचा अर्थ संवेदनशील असा आहे. समंजस माणसाला चेकमध्ये 'रोझुम्नी' म्हणतात आणि हळव्या माणसाला साध्या भाषेत 'त्सित्लिवी'. अशा शब्दांसाठी वहीत वेगळा भाग ठेवावा, कारण येथे सारखेपणा दोन इंग्रजी शब्दांत नसून इंग्रजी आणि चेक यांच्यात आहे. 'इव्हेंच्युअली' म्हणजे अखेरीस, त्याला 'नाकोनेत्स'. परंतु चेक 'एवेन्तुआल्न्ये' म्हणजे वेळ पडल्यास किंवा पर्यायाने. 'अ‍ॅक्चुअल' म्हणजे प्रत्यक्षातील, त्याला 'स्कुतेच्नी'. परंतु 'आक्तुआल्नी' म्हणजे सध्याचा, ताजा. 'फॅब्रिक' म्हणजे कापड, त्याला 'लात्का'. परंतु 'फाब्रिका' म्हणजे कारखाना. 'जिम्नेशियम' म्हणजे व्यायामशाळा, आणि 'गिम्नाझियुम' म्हणजे विद्यापीठीय शिक्षणाची तयारी करून घेणारी माध्यमिक शाळा.

यांपैकी मला सर्वांत प्रिय असलेला शब्द 'होस्त' आहे. इंग्रजीत 'होस्ट' म्हणजे यजमान, चेकमध्ये 'होस्त' म्हणजे पाहुणा. चेक यजमान 'होस्त्यितेल' असतो. हा योगायोग नाही. इंग्रजीतील पाहुणा म्हणजे 'गेस्ट', चेक 'होस्त', आणि लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला 'होस्ट' हे तिन्ही एकाच इंडो-युरोपीय मुळाकडे जातात. चेकमध्ये जुन्या ग-काराचा ह-कार झाल्यामुळे तो शब्द 'गेस्ट'पासून दूर गेला आणि दिसायला 'होस्ट'च्या शेजारी येऊन बसला. आतिथ्याचे नाते दोन्ही बाजूंनी एकाच शब्दाने सांगितले जात होते, याची ही खूण आहे. आपल्या वहीत हा शब्द असावा असे मला फार वाटते.

'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल' या जोडीकडेही लक्ष द्यावे. अर्थव्यवस्थेविषयीचा तो 'होस्पोदार्झ्स्की' आणि काटकसरीचा तो 'होस्पोदार्नी', म्हणजे चेकमध्येही ही जोडी एकमेकींसारखीच दिसते. दोन्हींच्या मुळाशी 'होस्पोदार्झ', म्हणजे घर आणि शेती सांभाळणारा कर्ता माणूस आहे. गोंधळ होत असेल तर दुसऱ्या अर्थासाठी 'ऊस्पोर्नी' वापरावा; कमी इंधन लागणाऱ्या गाडीला तोच अधिक शोभतो.

प्रतिसाद: अनुवादिका

'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' यांचे उत्तर राहून गेले होते. येथे चेक आणि मराठी एकाच बाजूला आहेत, कारण आपणही दोन्हींना 'ऐतिहासिक' म्हणतो. ऐतिहासिक कादंबरी आणि ऐतिहासिक निर्णय यांतील फरक आपण पुढच्या नामावरून ओळखतो, चेक वाचकही तसाच ओळखतो. त्यामुळे चेक रकान्यात एकच शब्द लिहावा आणि त्याच्यापुढे दोन नामे द्यावीत. 'क्लासिक' आणि 'क्लासिकल' यांचेही चेकमध्ये 'क्लासित्स्की' असेच होते, मात्र पाश्चात्त्य अभिजात संगीताला तेथे 'वाझ्ना हुद्बा', म्हणजे शब्दशः गंभीर संगीत, असेही म्हणतात.

एकाच उच्चाराच्या 'प्रिन्सिपल' या दोन शब्दांसाठी तर मी पूर्ण पान राखून ठेवले आहे. शेवटी 'एल-ई' येणारा शब्द म्हणजे तत्त्व, त्याला 'झासादा' किंवा 'प्रिन्त्सिप'. शेवटी 'ए-एल' येणारा शब्द विशेषण म्हणून मुख्य या अर्थी 'ह्लाव्नी', शाळेतील मुख्याध्यापकासाठी 'र्झेद्यितेल' आणि कर्जाच्या मुद्दलासाठी 'यिस्त्यिना'. एका कर्जकरारात मुद्दलाच्या जागी 'झासादा' लिहिलेले मसुद्याचे पान माझ्याकडे तपासणीसाठी आले होते. व्याज तत्त्वावर आकारले जाईल, असा त्याचा अर्थ होत होता.