डिस्नेलँड पॅरिसचं थीम हॉटेल: पैसे वसूल की नुसती रंगरंगोटी?

आकडेमोड्या
युरोपच्या सहलीत पॅरिस आलं आणि सोबत मुलं असली की हा प्रश्न येतोच. डिस्नेच्याच हॉटेलात उतरायचं का? माझं मत: बहुतेकांनी उतरू नये.

पॅकेजचा आकडा आधी फोडा. त्यात खोली आणि पार्कची तिकिटं एकत्र असतात आणि तिकिटं रात्रींपेक्षा एक दिवस जास्त मिळतात, म्हणजे दोन रात्रींना तीन दिवस. एकूण रकमेतून सगळ्यांच्या तिकिटांचे पैसे वजा करा, उरलेल्याला रात्रींनी भागा. समजा, चौघांचं पॅकेज 1500 युरोंचं आणि तिकिटं 900 ची. खोली पडली रात्रीला 300. वाल द'यूरोप हे आरईआर ए या पॅरिसच्या लोकल ट्रेनच्या लाइनवर पार्कच्या अलीकडचं स्टेशन. तिथे नीटनेटकी खोली 130 ला मिळत असेल, तर वरचे 170 कशाचे?

डिस्नेच्या शायेन हॉटेलात ते काउबॉयच्या बुटाच्या आकाराच्या दिव्याचे, बंक बेडचे आणि भिंतीवरच्या 'टॉय स्टोरी'तल्या वुडीचे. पोहण्याचा तलाव तिथे नाही, शेजारच्या सांता फे हॉटेललाही नाही. सांता फेचे वास्तुरचनाकार अँटवान प्रेडॉक, शायेनचे रॉबर्ट स्टर्न, नावं मोठी आहेत. पण आत खोली ती खोलीच. शिवाय एवढा व्हिसा काढून फ्रान्सला जायचं आणि झोपायचं अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या नकलेत!

1992 मध्ये पार्क उघडलं तेव्हाच पाच हजारांवर खोल्या बांधून तयार होत्या. लोक मुक्कामाला येतील असा अंदाज होता. पुष्कळ जण सकाळी ट्रेनने आले आणि रात्री घरी गेले. पॅरिसच्या मध्यातल्या शातले स्टेशनहून पार्कच्या दारापर्यंत चाळीसेक मिनिटं लागतात आणि जानेवारी 2025 मध्ये भाडं सरसकट 2.50 युरो झालं. चार वर्षांखालच्यांना तेही नाही.

पहाटपक्षी
हिशेबाची रीत बरोबर, पण एक खाच राहिली. लोक एका दिवसाच्या तिकिटाला तीनने गुणतात आणि खुश होतात. तीन दिवसांचं एकत्र तिकीट त्यापेक्षा स्वस्त असतं, वजा तेच करायचं. आणि निघायच्या दिवशी दुपारचं विमान असेल तर तिसरा दिवस हिशेबात धरूच नका.

आता 170 कशाचे ते सांगतो. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्क सगळ्यांच्या एक तास आधी उघडतं, साधारण साडेआठ ते साडेनऊ. ठरावीक राइड चालू असतात. पीटर पॅन घ्या. छोटी छोटी जहाजं, एका वेळी थोडीच माणसं, त्यामुळे रांग सरकता सरकत नाही आणि दिवसभर ती तशीच. त्या तासात हीच राइड आधी गाठायची. नंतर ती रांग चुकवायची तर प्रीमियर ॲक्सेस घ्या: माणशी वेगळे पैसे, राइडमागे वेगळे. चौघांचे दोन-तीन राइडचे जोडा आणि मग 170 कडे बघा.

पण अट एकच, साडेआठला गेटवर उभं राहायचं. सव्वानऊपर्यंत बुफेसमोर रेंगाळणाऱ्यांनी हे हॉटेल घेऊच नये, तिथे मी तुमच्या बाजूने.

फोडणी
दोघंही खोलीवर बोलताय, स्वयंपाकघराचं कोण बघणार? शाकाहारी घरासाठी वाल द'यूरोपमधलं ओट्यासकट अपार्टहॉटेल सगळ्यात सोयीचं. मॉलमध्ये ओशाँचं मोठं सुपरमार्केट आहे: तांदूळ, भाज्या, दही सगळं मिळतं. सकाळी पोहे, रात्री मुगाची खिचडी, पार्कात फक्त दुपारचं खाणं.

दोन गोष्टी सांभाळा. शेगडी इंडक्शनची असली तर घरचं ॲल्युमिनियमचं पातेलं तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते इथेच बघून भांडं न्या. आणि मोहरी तडतडायच्या आधी एक्झॉस्ट लावा, छतावरचा धुराचा अलार्म लाल मिरची ओळखतो. साजूक तूप आणि पेढे बॅगेत टाकू नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मेतकूट, भाजणी न्या.

पहाटपक्षी
@फोडणी, खिचडी मान्य. पण पाच वर्षांचं पोर दुपारी दोनला पेंगतं, त्याचं काय करता? शायेनहून पार्क चालत वीसेक मिनिटं, डिस्नेच्याच न्यूपोर्ट बे हॉटेलहून पंधराएक. दोन तास झोपवून संध्याकाळी परत नेता येतं. तलाव हवा तर न्यूपोर्ट बे किंवा सेकोया लॉज. ट्रेन पकडून कोणी पोराला झोपवायला वाल द'यूरोपला नेत नाही, ते बाबागाडीतच किरकिरत बसतं आणि आतषबाजीच्या वेळी ढाराढूर.

आकडेमोड्या
चालत पंधरा-वीस मिनिटं तर थीम नसलेल्या हॉटेलातूनही जाता येईल, तेवढ्या जवळ असलं तर. म्हणजे तुम्ही पैसे देताय जागेचे आणि तासाचे. बुटाचा दिवा फुकटच! मग मी काय वेगळं म्हणत होतो?

तुआसपलीकडे
थीमचेच पैसे वसूल होतात अशीही जागा आहे: मलेशियातलं लेगोलँड, जोहोरला. हॉटेल 2013 चं, 249 खोल्या, पार्कला खेटून. मुलांचा बंक बेडचा कोपरा वेगळा आणि खोलीत एक तिजोरी. मुलांनी खोलीतले सुगावे शोधायचे, मोजायचे, आलेले आकडे क्रमाने कुलपाला लावायचे, तिजोरी उघडली की आत लेगोची भेट. आकडे चुकतात ते बहुधा क्रमामुळे. आईबापांनी बोट न लावता बसलं तर तासभर निघतो.

मर्यादा वयाची. पार्कच 2 ते 12 साठी आहे, दहाच्या पुढे तिजोरीत कोणाला रस नसतो. सिंगापूरहून एका दिवसात जाऊन यायचा मोह होतो, पण तुआसच्या सीमानाक्यावरून जाताना दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी, येतानाही तीच. शनिवार-रविवारी गाड्या तुंबतात आणि दिवसाचा लचका तिथेच जातो. म्हणून मुक्काम परवडतो. भारतीय पासपोर्टवाल्यांनी सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे आधी पाहावं.

घाटमाथा
आपल्या खोपोलीला इमॅजिकाच्या दारातही हॉटेल झालं 2015 मध्ये. पण पुणे-मुंबईकर एक्स्प्रेसवेने सकाळी जाऊन रात्री घरी येऊ शकतात, त्यामुळे ते ज्याच्या त्याच्या पायांच्या ताकदीवर.

फोडणी
आजी-आजोबा धरून सहा जण असतील तर पॅरिसचा सगळा हिशेब बदलतो, ते कोणी लिहिलंच नाही. डिस्नेच्या बहुतेक खोल्या चौघांच्या. दोन घेतल्या तरी शेजारशेजारच्या मिळतील याची हमी नाही. सहा जणांची खोली न्यूपोर्ट बेला असते. डिस्नेच्याच डेव्ही क्रॉकेट रँचवरची लाकडी घरंही सहा जणांची, ओट्यासकट, पण तिथून पार्कची बस नाही, भाड्याची गाडी लागते.

पहाटपक्षी
बस जिथे आहे तिथेही आतषबाजीनंतर अर्धं पार्क एकदम थांब्यावर येतं आणि बाबागाडी घडी करून चढावं लागतं. झोपलेलं पोर, उघडी गाडी आणि गुडघे धरून उभ्या आजी असतील, तर शेवटची दहा मिनिटं सोडून आधीच निघा.