मदत हवी आहे : लेनिनग्राडच्या वेढ्यात जन्मलेल्या बाळांचे आकडे कसे वाचावेत?

नमस्कार. नवजात शिशू विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम करून मी आता निवृत्त झाले आहे. परिचर्या शिकणाऱ्या मुलींपुढे ‘युद्धातले मोठे शहर आणि तान्ही बाळे’ या विषयावर तासभर बोलण्याचे मी कबूल केले आणि उदाहरण म्हणून दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी वेढलेले सोव्हिएत संघातील लेनिनग्राड (आताचे सेंट पीटर्सबर्ग) निवडले. वाचायला घेतल्यावर मात्र आकड्यांनी मला गोंधळात टाकले आहे. वैद्यकीय आकडेवारीशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

८ सप्टेंबर १९४१ रोजी शहराला वेढा पडला आणि २७ जानेवारी १९४४ रोजी तो पूर्णपणे उठला. सर्वांत वाईट दिवस पहिल्याच हिवाळ्यातले. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या पाच आठवड्यांत कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळे; कचेरीतले नोकरदार, घरात अवलंबून असलेली माणसे आणि मुले यांच्या वाट्याला १२५ ग्रॅम येत असे. मी घरच्या काट्यावर तेवढा पाव तोलून पाहिला, तर तो माझ्या तळहातावर सहज मावला. त्या पावात तर सेल्युलोज आणि सरकीची पेंडही मिसळलेली असे.

तिथल्या बालरोग संस्थेच्या प्रसूती विभागातील नोंदी ए. एन. अंतोनोव या डॉक्टरांनी १९४७ साली ‘जर्नल ऑफ पेडिऍट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केल्या. १९४२ च्या पहिल्या सहामाहीत बाळांचे सरासरी वजन अर्ध्या किलोहून अधिक घटले होते, ५.६ टक्के बाळे उपजत मृत होती आणि ४१.२ टक्के बाळे अपुऱ्या दिवसांची होती, असे त्यात दिले आहे. माझी पहिली शंका या शेवटच्या आकड्याविषयी आहे, कारण अपुऱ्या दिवसांचे बाळ ठरवताना आठवडे न मोजता लांबी ४७ सें.मी.पेक्षा कमी आहे की नाही, एवढेच पाहिलेले आहे. उपासमारीने असंख्य बायकांची पाळीच बंद झालेली असताना तारखांवर विसंबता आले नसेल, हे मला पटते. पण पोटात वाढ खुंटलेले पुऱ्या दिवसांचे बाळ आणि सातव्या-आठव्या महिन्यात आलेले बाळ काट्यावर सारखे दिसले, तरी हातात घेतल्यावर वेगळे कळतात. आधी आलेल्या बाळाचा कान मऊ असतो, दुमडला तर पटकन सरळ होत नाही, आणि तळपाय जवळजवळ गुळगुळीत असतो. वाढ खुंटलेल्या बाळाच्या तळपायावर मात्र रेघा असतात, कातडी कोरडी पडून सुटत असते आणि म्हाताऱ्यासारख्या चेहऱ्याने ते टकमक बघत असते. दोघांची काळजीही वेगवेगळी घ्यावी लागते. मग त्या ४१.२ टक्क्यांत ही दोन्ही प्रकारची बाळे मिसळली असतील का?

दुसरी शंका अधिक अवघड आहे. पहिल्या सहामाहीत त्या विभागात ४१४ बाळे जन्मली, तर दुसऱ्या सहामाहीत फक्त ७९, आणि या ७९ बाळांची वजने पुन्हा बरीच सुधारलेली होती. मुलींना मी काय सांगू? परिस्थिती सुधारली, असे?

तिसरी शंका थंडीची. नळ गोठले होते, वीज नव्हती आणि जळणही नव्हते. अशा स्थितीत किती नुकसान भुकेने झाले आणि किती गारठ्याने, हे वेगळे काढता येते का?

प्रतिसाद

ताई, आपली पहिली शंका रास्त आहे आणि बहुधा बरोबरही आहे. तक्त्यावर ‘अपुऱ्या दिवसांची’ असे न लिहिता ‘४७ सें.मी.पेक्षा कमी लांबीची’ असेच लिहावे. तुलनेसाठी नेदरलँड्समधील १९४४-४५ चा उपासमारीचा हिवाळा पाहा. तिथल्या शहरांत गर्भारपणाचे शेवटचे तीन महिने उपाशी गेलेल्या आयांच्या बाळांचे वजन सुमारे ३०० ग्रॅमने घटले, पण गर्भकाळ फारसा कमी झाला नाही. अर्थात लेनिनग्राडची उपासमार त्याहून दीर्घ आणि तीव्र होती, त्यामुळे तिथे खरोखर लवकर झालेली बाळंतपणेही पुष्कळ असणार.

दुसऱ्या शंकेसाठी नऊ महिने मागे मोजून पाहा. जानेवारी ते जून १९४२ मध्ये जन्मलेली बाळे वेढ्याआधी किंवा वेढ्याच्या तोंडावर पोटात राहिलेली होती. पुढच्या ७९ बाळांचे दिवस मात्र ऐन उपासमारीत राहिले, आणि त्या काळात ज्यांना दिवस राहू शकले त्या बायका मुळातच वेगळ्या होत्या. त्यांच्यापैकी अनेकींना अन्नाजवळचे काम असल्याने त्या इतरांपेक्षा बऱ्या पोसलेल्या होत्या, हे अंतोनोव स्वतःच नोंदवतात. शिवाय डिसेंबरअखेरपासून शिधा वाढत गेला आणि शहराजवळच्या लाडोगा सरोवरावरून लोकांना बाहेर काढले जात होते. त्यामुळे वजनाची सरासरी सांगण्याआधी ४१४ आणि ७९ हे आकडे सांगावेत. जी बाळे पोटात राहिलीच नाहीत, ती कोणत्याही सरासरीत येत नाहीत.

थंडी आणि भूक तिथे हातात हात घालूनच आल्या, पण काळाप्रमाणे काही अंशी फोड करता येईल. जन्माच्या वेळचे वजन खोलीतल्या गारठ्याने घटत नाही. ते आईच्या पोटातच ठरलेले असते. पहिल्या काही दिवसांतील मृत्यूंचा विचार करताना मात्र गारठा धरलाच पाहिजे, कारण वाळलेल्या बाळाकडे ऊब निर्माण करण्यासाठी चरबीच नसते.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. नऊ महिने मागे मोजण्याचे मला सुचायला हवे होते, आयुष्यभर बाळंतपणाच्या तारखाच तर मोजल्या! तुलनेसाठी ब्रिटनचेही आकडे घेतले आहेत : इंग्लंड आणि वेल्समध्ये हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू १९४१ मध्ये सुमारे ६० होते, ते १९४५ मध्ये ४६ वर आले. तिथे जुलै १९४० पासून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना व पाच वर्षांखालील मुलांना रोज एक पाइंट (सुमारे अर्धा लिटर) दूध स्वस्तात किंवा मोफत मिळत होते. पण हे आकडे देशाचे आहेत आणि माझा विषय शहराचा. बॉम्बवर्षावाच्या काळात लंडनमधील अनेक गरोदर बायकांना बाळंतपणासाठी शहराबाहेर पाठवले गेले होते. तेव्हा त्यांची बाळे लंडनच्या हिशेबात धरायची की जिथे जन्मली तिथल्या? नोंदणीची ही पद्धत कुणाला ठाऊक असल्यास कृपया लिहावे.