रोजा मोडतात, सोडतात की उघडतात?

खाडीकाठ:
दापोलीजवळच्या आमच्या बचतगटातल्या बायका यंदा रमजानात संध्याकाळी स्टॉल लावणार आहेत. त्यासाठी पदार्थांचं चार पानी पत्रक काढतोय. मजकूर इंग्रजीतून भाषांतर होऊन आला, मुद्रितं तपासायला माझ्याकडे. पहिल्याच ओळीत 'खजूर खाऊन रोजा मोडतात'! मी 'सोडतात' केलं. गटातल्या दोघी रोजे धरणाऱ्या, त्या म्हणतात 'उघडतात' लिहा. पत्रकाचा खर्च उचलणारे म्हणतात, 'पारणं' असताना बाकीचे शब्द कशाला? शिवाय 'सहरी'ला, म्हणजे रोजा धरण्याआधी पहाटे खातात त्याला, मराठी शब्द हवाय. सोमवारी छपाईला जायचंय.

कोशवाचक:
'मोडतात' अजिबात नको. एकादशीला भात खाल्ला की उपवास मोडला, द्वादशीला पान वाढून बसलं की सोडला. रोजाचंही तेच. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी पाणी प्यायलं की मोडला, अजान झाल्यावर खजूर खाल्ला की सोडला. एका क्रियापदात अर्थाचा अनर्थ होतो. आणि 'पारणं' दुसऱ्या दिवशीचं असतं. इफ्तार त्याच दिवशी, सूर्य मावळताक्षणी, आणि महिनाभर रोज. इथे 'पारणं' बसत नाही.

बाणकोटवाली:
एक दुरुस्ती. जाणूनबुजून पाणी प्यायलं तर मोडतो. विसरून प्यायलं तर रोजा मोडत नाही, आठवल्यावर थांबायचं आणि पुढे चालू ठेवायचा. 'उघडतात'बद्दल सांगते. आमच्या घरी जुनी माणसं रोजा 'धरतात' आणि 'सोडतात' असंच म्हणत. पोरं उर्दू शाळेत जायला लागली तसं 'रोजा खोलना' घरात आलं आणि त्याचं 'उघडणं' झालं. आता दोन्ही चालतं. माझी आई 'सोडला' म्हणते, माझी मुलगी 'उघडला'.

सह्यकडा:
चालतं म्हणून सगळंच छापायचं का? सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते, भाषाशुद्धीची चळवळ तिथूनच जोरात चालली. 'दिनांक', 'महापौर' तेव्हा लोकांना जड वाटले असतील, आज कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मग सहरीला 'पहाटेची न्याहारी' आणि इफ्तारला 'सांजफराळ' म्हणायला काय हरकत आहे? शब्द वापरला की रुळतो.

कोशवाचक:
'न्याहारी' फारसीतून आली आहे. 'नाहार' म्हणजे सकाळपासून उपाशी, त्यावरून निहारी, तिची आपण न्याहारी केली. एक फारसी शब्द हाकलायला दुसरा फारसी शब्द आणण्यात काय मिळवलं? 'फराळ' म्हणजे फलाहार, उपास चालू असताना खायची वस्तू. इफ्तार उपास संपल्यावरची. दोन्हीचा अर्थ अगदी उलटा आहे.

सह्यकडा:
दिवाळीच्या फराळाला कुठला उपास असतो? चकली-चिवडा फलाहार आहे का? अर्थ सरकतो हे तुम्हीच दर धाग्यावर सांगता. आणि न्याहारी मराठीच आहे. शेतावर भाकरी घेऊन जाणाऱ्या बाईला ती फारसी वाटत नाही.

बाणकोटवाली:
मग 'सहरी' तरी मला कुठे अरबी वाटते? आठवतं तेव्हापासून ऐकतेय. काढायचीच असेल तर निदान अर्थ तरी नीट लिहा. मराठी पेपरात दरवर्षी 'सूर्योदयापूर्वीचे जेवण' छापतात, ते चूक आहे. सहरी फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, वेळ लागण्याआधी संपते. तेव्हा झुंजूमुंजू व्हायला सुरुवात होते, सूर्य उगवायला तासाहून जास्त वेळ असतो. पेपर वाचून कोणी सूर्य दिसेपर्यंत खात बसला तर रोजा व्हायचाच नाही.

माडाखाली:
शब्दांचं होईल काहीतरी. पत्रकात सांदण आहे ना? आम्ही राजापूरला राहायचो तेव्हा शेजारच्या चाची रमजानात करायच्या. रात्रभर भिजवलेले तांदूळ नारळाच्या दुधात वाटून साखर घालायच्या, पीठ फुगून वर आलं की तेल लावलेल्या वाट्यांत ओतून वाफवायच्या. वाटी उलटी करून ठोकली की पांढरंशुभ्र सांदण टणकन ताटलीत पडायचं, बोटाने दाबलं तर परत वर यायचं. गोड खाणाऱ्याला वेलची घातलेलं नारळाचं दूध, बाकीच्यांना मटणाचा रस्सा.

सह्यकडा:
सांदण फणसाचं. बरक्या फणसाचा रस, तांदळाची कणी आणि गूळ. तुम्ही सांगताय ती गोड इडली झाली.

माडाखाली:
तुमच्या घरी फणसाचं, त्यांच्या घरी नारळाचं, नाव एकच. नाव पदार्थाच्या घडणीला आहे, फणसाला नाही. नाहीतर 'फणसाचं सांदण' असं मुद्दाम म्हणायची गरज का पडली असती?

बाणकोटवाली:
रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ मध्ये मे-जूनला आला होता, तेव्हा बरके फणस दारात पडलेले असायचे. तरी आमच्याकडे सांदण पांढरंच झालं. फणसाचं करणाऱ्या घरांशी आमचं वैर नाही, उलट त्यांच्याकडून वाटी यायची आणि इकडून जायची.

खाडीकाठ:
पत्रकात 'नारळाचं सांदण' करतो. 'सहरी' तशीच ठेवून कंसात 'पहाटेपूर्वीचं खाणं' लिहू का? आणि सरबताच्या कृतीत 'तुकमलंगा' आहे, त्याला 'सब्जा' लिहिलं तर चालेल ना?

कोशवाचक:
'तुख्म' म्हणजे बी, 'बालंगू' हे झाडाचं नाव. मूळ बालंगू वेगळं झाड आहे, सब्जा तुळशीच्या जातीतला. बाजारात दोन्ही नावांखाली बहुतेक सब्जाच मिळतो, पण कोशाच्या दृष्टीने ते समानार्थी नाहीत.

बाणकोटवाली:
स्टॉलवर येणाऱ्याला कोश नको, सरबत हवंय. बाजारात आमच्या बायका 'तुकमलंगा' मागतात आणि दुकानदार सब्ज्याची बरणी उघडतो. पण 'सहरी'ला कंस लावू नका. 'एकादशी'ला कोणी कंस लावतं का?

सह्यकडा:
एकादशी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लावत नाहीत. पत्रक सगळ्यांसाठी आहे की फक्त रोजेदारांसाठी, ते आधी ठरवा.

माडाखाली:
सब्जा सरबतात कोरडा टाकू नका, आधी पाण्यात भिजवून फुगवा. आणि सरबत कोकमाचं असेल तर साखरेबरोबर चिमूटभर मीठ आणि जिरेपूड हवीच. तेही लिहा.