घरात पालेभाजी किती खाल्ली जाते, हे ती निवडणाऱ्या हातांवर ठरतं. पटतं का?

कर्वेनगरची

रविवारी मंडईत गेले होते. थंडीतली मंडई, त्यामुळे हात आवरत नाही. मेथीच्या दोन जुड्या, शेपू, चाकवत आणि पावशेर सोलायचा मटार घेतला. घरी येऊन मी आणि सासूबाई पेपर पसरून बसलो. या वेळी मुद्दाम घड्याळ पाहिलं. दोन जुड्या मेथी निवडायला चाळीस मिनिटं लागली. मग तीन पाण्यांतून धुणं, चिरणं, लसणाची फोडणी. कढईतून वर येत होती एवढी भाजी बसून बसून दोन वाट्या झाली. चौघांत अर्धी अर्धी वाटी, आणि पाच मिनिटांत पानं रिकामी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत, आणि या ४०० ग्रॅममध्ये बटाटा धरलेला नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रीजवर कागदच लावलाय.

पण गेल्या वर्षी सासूबाई दोन महिने नणंदेकडे होत्या. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे काय शिजलं ते मी आठवून लिहून काढलं. बटाटा, फ्लॉवर, मोडाची मटकी, अंडी, पुन्हा बटाटा. पालेभाजी दोनदा, तीही पालकच, कारण तो निवडायला सोपा. मंडई तीच होती, पगार तोच होता, फ्रीजवरचा कागदही तोच होता. घरातले फक्त दोन हात कमी झाले होते.

म्हणून मला ठामपणे वाटतं की लोकांना भाज्यांचं महत्त्व सांगत बसण्यात अर्थ नाही. ते सगळ्यांना कळतं. ती निवडायला आणि चिरायला घरात कोण मोकळं आहे, यावर सगळं ठरतं. तुमचा अनुभव काय?

हिशोबी_धायरी

नाही पटलं, ताई. तुमच्या घरात पैसा आडवा येत नाही, म्हणून तुम्हाला वेळ दिसतो.

तुमचाच आकडा घेऊ. चार माणसांना रोज ४०० ग्रॅम भाजी म्हणजे महिन्याला ४८ किलो. सरासरी ६० रुपये किलो धरा, पावसाळ्यात तेवढ्यात येत नाही, तरी धरा. झाले २,८८० रुपये. फळं महिन्याला १२ किलो, १०० रुपये किलोने १,२०० रुपये. एकूण ४,०८० रुपये. आमच्या गोदामात हमालीला येणाऱ्या माणसाच्या घरात महिन्याला अठरा हजार येतात, त्यातून खोलीचं भाडं जातं. त्याने बाईसाहेबांचा कागद फ्रीजवर लावायचा म्हटला, तरी त्याच्याकडे फ्रीज नाही. फ्रीज नाही म्हणजे कोथिंबीर आणलेल्या दिवशीच संपवायची.

२०१६ मध्ये १८ देशांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. घरातल्या प्रत्येकाला रोज दोन भाग फळं आणि तीन भाग भाज्या द्यायच्या, तर गरीब देशांतल्या कुटुंबाला उत्पन्नातले सुमारे ५२ टक्के त्यावरच घालावे लागतील, असं त्यात निघालं. श्रीमंत देशांत हाच खर्च दोन टक्क्यांच्या आत होता. वेळेचा प्रश्न या ५२ टक्क्यांनंतर सुरू होतो.

कर्वेनगरची

दादा, तुमचा हिशोब चुकीचा नाही. पण सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरांतला भाजीवरचा खर्च एकूण खर्चाच्या ३.८ टक्के आहे, आणि पेयं, फराळ, तयार खाणं यांवरचा १०.६ टक्के. म्हणजे पैसा खाण्यावर जातोच आहे. तो पुड्याकडे का जातो आणि जुडीकडे का जात नाही? कारण पुडा निवडावा लागत नाही.

हिशोबी_धायरी

ती अख्ख्या शहरी भारताची सरासरी आहे. पैसेवाल्या बाणेरचा आणि झोपडपट्टीतल्या जनता वसाहतीचा खर्च एकत्र करून भागलेला आकडा घेऊन जनता वसाहतीबद्दल बोलू नका. शिवाय पाच रुपयांत बिस्किटाचा पुडा येतो आणि पोराचं पोट तासभर तरी गप्प राहतं. पाच रुपयांत सफरचंदाची फोडही येत नाही. आईला हे अगदी नीट कळतं, म्हणून ती पुडा घेते.

जुन्नरकर

मी टोमॅटो पिकवतो. इथल्या दोघांनाही एक विचारायचं आहे.

२०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला. तेव्हा गावभर बोंब झाली की टोमॅटो परवडत नाही. ठीक, नव्हता परवडत. पण सप्टेंबरात भाव कोसळले, तोडणीची मजुरी निघेना, आमच्याकडे लोकांनी माल जनावरांपुढे टाकला. तेव्हा शहरात कुणी दुप्पट टोमॅटो खाल्ले का? अर्धा किलो घेणारं घर अर्धा किलोच घेत होतं. महाग झाल्यावर तुम्ही खाणं कमी करता आणि स्वस्त झाल्यावर वाढवत नाही. मग नुसत्या भावावर कसं ठरतं?

दुसरं. मार्केट यार्डात कोथिंबिरीची जुडी आम्ही ज्या भावात सोडून येतो आणि तुमच्या सोसायटीच्या दारात ती ज्या भावात मिळते, त्यात कधी कधी तिपटीचा फरक असतो. फळं-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, शेतकऱ्याला थेट विकता येतं. पण मी पहाटे तीनला तोडणी उरकून कोथरूडला टेम्पो लावला, तर दुसऱ्या दिवसाचं पाणी कोण धरणार? इथेही शेवटी हातच कमी पडतात. त्या एका बाबतीत ताईंचं खरं आहे.

जिजी_नारायणपेठ

मी बहात्तर वर्षांची आहे आणि मला यातलं काहीच पूर्ण पटत नाही.

आमच्या वेळी घरात पैसे तुमच्यापेक्षा कमी होते आणि माणसं दहा होती. वेळही नव्हता, मी एकतीस वर्षं नोकरी केली. पण पानाला डावी बाजू असायची. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. कोशिंबीर वाढली नाही तर पान अर्धं वाटायचं, सासरे बसायचे नाहीत. काकडी कोचवायला पाच मिनिटं लागतात. गाजर किसायला तेवढीच. आता मुलांच्या घरी जेवायला गेले की ताटात डावी बाजूच नसते. वेळेअभावी गेली म्हणतात. वेळेअभावी पालेभाजी जाईल, पण काकडी का गेली?

वर्षाचंही तसंच होतं. भोगीला पावटा, गाजर, वांगं, ओला हरभरा, मटार, तीळ लावून केलेली मिसळीची भाजी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही चालायचं नाही, म्हणून परसातलं अळू, भेंडी, माठ, भोपळा. त्या त्या महिन्यात जे बाजारात भरपूर असतं तेच सणाच्या पानात यायचं. कुणाला ग्रॅम मोजावे लागले नाहीत. रीत मोडली आणि भाजी गेली.

आणि कर्वेनगरच्या मुली, रागावू नकोस. घरात माणसं चार म्हणजे हात आठ. तुझ्या अख्ख्या लेखात हात फक्त सासूचे आणि सुनेचे का?

कर्वेनगरची

जिजी, रागावले नाही. उत्तर द्यायला दोन दिवस लागले एवढंच. नवऱ्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, मला निवडता येत नाही. मी म्हटलं, मलाही लग्नाआधी येत नव्हतं. पुढचं घरात चालू आहे.

आहार_सिंहगडरोड

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. भावाबद्दल एक नेमकी गोष्ट सांगते, कारण दोन्ही बाजूंना ती उपयोगी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पडेन परगण्यात २०११-१२ मध्ये एक प्रयोग झाला. सरकारी अन्नमदत घेणाऱ्या कुटुंबांपैकी काहींना एक डॉलरची फळं-भाजी घेतली की ३० सेंट परत मिळायचे. त्यांचं फळं-भाजी खाणं इतरांपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी जास्त निघालं. हिशोबीदादा, म्हणजे भाव कमी केल्याने फरक पडतो. पण ते २६ टक्के म्हणजे दिवसाला साधारण पाव कप. जुन्नरकर म्हणतात ती अडचणही खरी आहे.

माझ्याकडे येणाऱ्या घरांत मला सगळ्यात जास्त अडतं ते लहानपणी. मूल कारलं किंवा दोडका तोंडातून बाहेर काढतं, आई दोनदा देऊन बघते आणि "याला आवडत नाही" असं ठरवून मोकळी होते. नवी चव मुलाने स्वीकारावी तर ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जबरदस्ती नको, एक छोटा घास पुरे. पण पंधरा वेळा दोडका शिजवून त्यातला बराचसा टाकून देणं कुणाला परवडतं? इथे पुन्हा पैसा येतोच.

मनपा_शाळेतली_बाई

शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी ठरवून दिली आहे. फुकट असते, शिजलेली असते. तरी माझ्या वर्गात ताटाच्या कडेला गाजराचे तुकडे ओळीने लावून ठेवलेले दिसतात. मी शेजारी बसून स्वतः खायला लागले तेव्हा चार मुलांनी खायला सुरुवात केली. बाकीची अजून ओळ लावतात. मला आहारताईंचं पटतं.

मेसवाला_लातूर

मी सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तुम्ही सगळे घरातलं बोलताय. या भागात माझ्यासारखी खूप मुलं आहेत, त्यांच्या ताटात काय पडेल ते मेसवाले काका ठरवतात. तीन पोळ्या, भात, आमटी, एक उसळ आणि एक सुकी भाजी. सुकी भाजी आठवड्यातून चार-पाच दिवस बटाटा. काकांना दोष देत नाही. तेवढ्या पैशांत दीडशे डबे काढायचे तर भेंडी पुसून चिरत बसणं त्यांना जमत नाही. बटाटा कुकरला लावला की झालं.

गावी आई शेताच्या बांधावरून अंबाडी, तांदुळसा आणायची. आम्ही नाकं मुरडायचो. फळ म्हणजे आता केळं, कारण ते धुवावं लागत नाही, सुरी-ताटही लागत नाही. मला वेळ आहे, खायची इच्छा आहे, थोडे पैसेही आहेत. खोलीत गॅस चालत नाही, मालकांनी एक इंडक्शन ठेवू दिलंय. मी काय करू?

सहा_घरं

मी फोनवर वाचते, लिहायचं धाडस आज करते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सहा घरी स्वयंपाकाची कामं करते. त्यातल्या चार घरी पालेभाजी मी निवडते. मॅडम आदल्या दिवशी मोबाइलवर सांगतात, उद्या मेथी करा, मग मी वीस मिनिटं आधी जाते. त्याचे वेगळे पैसे कुणी देतं, कुणी देत नाही. कर्वेनगरच्या ताई, तुम्ही लिहिलं की हात लागतात. ज्यांच्या घरी पैसे आहेत त्यांना माझे हात मिळतात. माझ्या घरी मी साडेआठला पोचते तेव्हा माझ्याच हातांत काही उरत नाही.

रात्री नऊला आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला उरलेल्याचे वाटे लावतो. वीस रुपयांना एक वाटा. दोन मऊ वांगी, चार मिरच्या, एक दोडका, कधी अर्धा कोबी. ते मी घेते. सगळं एकत्र चिरते, कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याचं कूट घालते, कुकरला एक शिट्टी. माझी मुलगी त्याला वाट्याची भाजी म्हणते आणि भाकरीबरोबर खाते. पालेभाजी वाट्यात नसते, असली तर पिवळी पडलेली. ती आमच्याकडे महिन्यातून दोनदा, मला सुट्टी असते त्या दिवशी.

म्हणून दादांचं खरं की ताईंचं, ते मला वेगळं करता येत नाही.

हिशोबी_धायरी

ताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्या आकड्यात नव्हतं. मी वेळ आणि पैसा असे दोन रकाने केले होते. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंकडून निवडून घेतलेल्या जुडीचे पैसे वेगळे द्यायला हवेत, हे आमच्या घरातही आजपासून लागू. माझा मूळ मुद्दा मात्र मी सोडत नाही. पगार वाढले की रात्री नऊचा वाटा सहाचा होईल.

कर्वेनगरची

मलाही माझा मुद्दा बदलून लिहायला हवा. मी "घरात कोण मोकळं आहे" असं लिहिलं होतं. आमच्याकडे सासूबाई मोकळ्या आहेत असं मी धरून चालले होते. त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या, त्यांचे गुडघे दुखतात, आणि तरी जमिनीवर पेपर पसरून बसतात. त्यांना कधी विचारलंच नव्हतं. काल विचारलं. म्हणाल्या, शेपू निवडायला आवडतो, मेथीचा कंटाळा येतो.

जिजी_नारायणपेठ

लातूरच्या मुला, तुझं उत्तर राहिलं. निवडावं लागत नाही असं आण. दोडका, दुधी, पडवळ, कोबी. दोडक्याच्या शिरा तासून फोडी कर, तेलात जिरं, हिरवी मिरची, चिमूट हळद, मीठ, झाकणावर पाणी ठेव. इंडक्शनवर बारा-पंधरा मिनिटं. शिरा टाकू नकोस, तीळ घालून परत, चटणी होते. रोज एक काकडी किंवा टोमॅटो चिरून मेसच्या डब्याच्या डाव्या बाजूला ठेव. मंडईतून घेतोस तर सकाळी नको, रात्री आवरायच्या वेळेला जा. पावशेर माग, लाजू नकोस, पावशेर देतात.

मेसवाला_लातूर

जिजी, आज पावशेर दोडका आणला. शिरा जरा जास्तच तासल्या गेल्या. रूमवरचे दोघं म्हणाले, उद्या अर्धा किलो आण.