रिकाम्या शेडची भीती

गोदाकाठची सून (अंबड तालुका, जि. जालना)

नमस्कार. माझे वय 34 असून मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे. शेवटच्या वर्षाला रेशीमकिड्यांवर प्रकल्प केला, तेव्हापासून आपले स्वतःचे कीटकसंगोपनगृह असावे, ही इच्छा मनात घर करून बसली आहे. लग्नाला अकरा वर्षे झाली, दोन मुले झाली, पतसंस्थेत लेखनिकाची नोकरीही चालू आहे. इच्छा मात्र हटलेली नाही.

तुतीसाठी एक एकर बागायत मोकळे करता येईल. जालन्यात 2018 साली कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून माल घेऊन कर्नाटकात रामनगरला जाण्याची गरजही उरलेली नाही. अडचण आहे ती आमच्या शेतातल्या एका शेडची. मामंजींनी कर्ज काढून तेथे कोंबड्या पाळल्या होत्या. फेब्रुवारी 2006 मध्ये पार नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला आणि इकडच्या धडधाकट पक्ष्यांनाही गिऱ्हाईक उरले नाही. कर्ज फेडताना दोन एकर जमीन गेली. तेव्हापासून शेड रिकामे आहे आणि गावात कोणी नवा धंदा काढतो म्हटले, की लोक आमच्या शेडकडे बोट दाखवतात.

नवे शेड बांधण्याची ऐपत नसल्यामुळे मलाही तेच वापरावे लागेल. रेशीम कार्यालयाचा अर्ज मी तीनदा भरला आणि तीनदा कपाटात ठेवून दिला. पैसे बुडण्यापेक्षाही त्याच पत्र्याखाली या घराचे दुसऱ्यांदा हसे होईल, याची धास्ती अधिक वाटते. ही भीती कशी घालवावी?

बालाघाटचा वाटसरू (आष्टी, जि. बीड)

ताई, आमच्या तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आपल्याला ठाऊक असेलच. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले. ही गोष्ट सत्काराच्या भाषणांत सगळेच सांगतात. मला मात्र त्याच्या आदल्या वर्षीचे टोकियो ऑलिंपिक अधिक महत्त्वाचे वाटते. तेथे तो 8 मिनिटे 18.12 सेकंदांत धावला, नवा राष्ट्रीय विक्रम झाला, आणि तरीही प्राथमिक फेरीत सातवा आल्यामुळे अंतिम फेरीत त्याला जागा मिळाली नाही. तोवरच्या आयुष्यातली सर्वोत्तम धाव आणि बाद होणे, दोन्ही एकाच दिवशी पदरात पडले. निकालावरून माणसाची लायकी ठरवायची म्हटली, तर त्या दिवसाचे काय करायचे? आपल्या सासऱ्यांचे 2006 मला याच जातीचे दिसते. त्यांच्या कोंबड्या मेल्या नव्हत्या, बाजार मेला होता.

हिशेबनीस (नांदेड)

वरचे उदाहरण चांगले असले तरी मी थोडा वेगळा विचार मांडतो. भीती घालवावी कशी, हा प्रश्नच मला पटलेला नाही. आपल्या भागात ज्याने दोन एकर गमावलेली पाहिली, त्याला भीती वाटणे हे शहाणपणाचेच लक्षण आहे, आणि "घाबरू नका, उडी मारा" असे सांगणारे लोक हप्ते भरायला येत नाहीत. भीतीला रुपयांत बोलायला लावावे, असे माझे मत आहे. जमीन गहाण ठेवायची नाही, नोकरी सोडायची नाही, आणि अमुक एवढी रक्कम गेली तर थांबायचे, हे तुती लावण्याआधीच घरात सर्वांसमोर ठरवून वहीत लिहून ठेवावे. दोन एकर जाण्याची भीती आणि किड्यांच्या एका बॅचचा खर्च जाण्याची भीती यांत फार अंतर आहे. आपण दुसऱ्या प्रसंगाला पहिल्याची भीती लावून बसला आहात, असे मला वाटते. हसे होण्याचा हिशेब मात्र मला मांडता येत नाही.

जुना कोषवाला (जिंतूर, जि. परभणी)

तो हिशेब मी मांडतो, कारण माझे हसे झालेले आहे. माझी पहिली बॅच शंभर अंडीपुंजांची (एका पतंगाने घातलेल्या अंड्यांचा एक पुंज) होती आणि चौथी कात टाकल्यानंतर कोष विणण्याच्या तोंडावर, म्हणजे पाल्याचा बहुतेक खर्च होऊन गेल्यावर, ग्रासरी या विषाणूजन्य रोगाने ती संपली. सुजून पिवळे पडलेले किडे पाट्या भरभरून खड्ड्यात पुरताना बांधावर माणसे उभी होती. "रेशमाचा शालू कधी नेसवता?" हा प्रश्न मला पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ऐकावा लागला. वाईट वाटले, हे मी नाकारणार नाही. पण त्या दीड-दोन महिन्यांत रोज निर्जंतुकीकरणाचे काम अंगावर होते, त्यामुळे मनाला लावून घ्यायला दिवसा सवड मिळाली नाही. रात्री मिळत असे.

या धंद्याचा एक गुण मात्र लक्षात घ्यावा. चॉकी केंद्रातून, म्हणजे जेथे लहान किडे वाढवून देतात तेथून, दहा दिवसांचे किडे आणले, तर साधारण तीन आठवड्यांत कोष हातात येतात. ऊस किंवा मोसंबीत चूक कळायला वर्षे जातात. येथे ती महिन्यात कळते आणि पुढच्या बॅचला सुधारता येते. तुती तर एकदा लावली की बारा-पंधरा वर्षे टिकते, म्हणजे बॅच गेली तरी बाग जात नाही. भाव मात्र आपल्या हातात नाही. 2020 च्या टाळेबंदीत तो कोसळला होता, तेव्हा हिशेबनीसांची वही जरूर ठेवावी.

शेडविषयी दोन शब्द. किड्यांना 24 ते 28 अंश तापमान मानवते आणि आपला पत्रा उन्हाळ्यात भट्टी होतो, म्हणून पहिली बॅच दसरा-दिवाळीच्या सुमारास घ्यावी, एप्रिल-मेच्या वाटेला जाऊ नये. शेजारी कापूस किंवा तूर असेल, तर फवारणीचा दिवस त्यांच्याकडून आधी विचारून घ्यावा. वाऱ्याने आलेल्या औषधाने पाला विषारी होतो. आणि सर्वांत आधी सासऱ्यांशी बोलावे. शेडमध्ये ऊन-वारा कसा फिरतो, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार?

गोदाकाठची सून

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण मामंजींसमोर विषय काढायलाच पाच दिवस गेले. 2006 बद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी सून म्हणून आल्यापासून तो उल्लेख टाळण्याची सवय मलाही लागली होती. परवा रात्री जेवणानंतर अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, काहीच बोलले नाहीत आणि उठून झोपायला गेले. माझी रात्र वाईट गेली.

सकाळी ते शेडमध्ये होते. कोंबड्यांसाठी उन्हाळ्यात पत्र्यावर पाणी सोडायला त्यांनी नळी बसवली होती, ती अजून वर आहे. तोट्या तेवढ्या गंजल्या आहेत. दक्षिणेकडची जाळी काढून तेथे दाट कापड लावावे लागेल, नाहीतर दुपारचे ऊन थेट रॅकवर येईल, असे ते म्हणाले. खर्चाची मर्यादा आम्ही तिघांनी मिळून 60 हजार ठरवली आहे आणि ती त्यांच्याच जुन्या खाद्याच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानावर लिहिली आहे.

धास्ती आहे तेवढीच आहे. अर्ज मात्र सोमवारी देऊन आले. कोषवाले दादा, अनेक वर्षे कोंबडखत साचलेली जमीन निर्जंतुक करायची असेल, तर नुसता चुना पुरेल का, की वरची माती खरवडून काढावी लागेल?